ही ओळ काढू नये

तिच्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, आणि त्या ओळीला ती घाबरायची.

तशी ती सगळ्यालाच घाबरायची. घरी तिला लहानपणापासून भागू म्हणत, पण ते काही लाडाचं नाव नव्हे. भित्री भागूबाई म्हणतात ना, त्यातली ती भागू. पाल दिसली, फोन अवेळी वाजला, वर्गात सरांनी नुसतं तिच्या दिशेनं पाहिलं, तरी हिची पळायची तयारी. अशा मुलीनं कॉम्प्युटर सायन्स कशाला घ्यावं, असं मावशीनं विचारलंही होतं. तेव्हा भागू म्हणाली होती की कॉम्प्युटर ओरडत नाही. चूक झाली तर लाल अक्षरांत सांगतो आणि गप्प बसतो. पुढे शिकताना तिला कळलं की लाल अक्षरांत सांगितलेली चूक परवडली. जी सांगतच नाही तिनं माणसाची झोप जाते.

ओळ अगदी साधी होती. प्रोग्रामनं तिथे आल्यावर पापणी लवेल इतका वेळ, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त, नुसतं थांबायचं आणि मग पुढे जायचं. एवढंच. तिच्या शेजारी भागूनं टीप लिहून ठेवली होती: ही ओळ काढू नये. का काढू नये ते लिहिलं नव्हतं, कारण ते तिला माहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघादोघांनी करायचा असतो. भागूच्या वाट्याला इस्त्री आला. या मुलाचे शर्ट कडक, फायली कडक, बोलणंही कडक. सगळे त्याला इस्त्री म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. दोघांनी मिळून बेलचा प्रोग्राम केला होता. भागूची मावशी वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात मोठी सिस्टर होती. तिथली जुनी बेल कायमची बंद पडली होती, म्हणून यांनी प्रत्येक कॉटजवळ एक बटण बसवलं आणि सिस्टरच्या टेबलावर एक कॉम्प्युटर ठेवला. बटण दाबलं की त्याच्यावरचा लाल दिवा जरा वेळ लागायचा आणि स्क्रीनवरच्या यादीत त्या कॉटचा नंबर यायचा. मग आया उठून जायची. कॉलेजात या प्रोजेक्टचं फार कौतुक झालं. बाकीच्यांचे प्रोजेक्ट सरांना दाखवण्यापुरते, यांचा खरोखर चालत होता.

आणि तिथे खिडकीजवळच्या कॉटवर भागूचे आजोबा होते, आईचे आणि मावशीचे वडील. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकट्यानं उठता येत नव्हतं. पाणी हवं, कूस बदलायची, बाथरूमला जायचं, काहीही असलं तरी बटण. सारा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. नातीनं केलेलं यंत्र म्हटल्यावर त्यांनी ते बटण उलटसुलट करून पाहिलं आणि 'बरं केलंय' म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळच झालं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी भागूला सांगितलं, की मी बटण दाबतो, दिवा लागतो, पण कधी कधी कोणी येत नाही. शेजारच्या कॉटवरच्या मास्तरांनी आणि मी एकदम बेल दाबली तर असं होतं, बहुतेक. घड्याळजी माणूस, खोट नेमकी सांगितली.  भागूनं घरी दोन बटणं टेबलावर मांडली आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबत बसली. दिवे दोन्ही लागायचे, पण मधूनच यादीत नंबर एकच. तिनं सगळा कोड वरून खाली आणि खालून वर वाचला. काही सापडेना. शेवटी कंटाळून, जरा सावकाश चालवून बघू म्हणून, तिनं ती थांबायची ओळ घातली. आणि खोट गेली. अंगठे दुखेपर्यंत दाबून पाहिलं, दरवेळी दोन्ही नंबर आले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं शहाण्या माणसाला तिथेच वाटलं असतं. भागूलाही वाटलं. पण सहामाही परीक्षा जवळ आली होती, यंत्र चालत होतं, आणि चालत्या यंत्राला हात लावायला धाडस लागतं. तिनं आजोबांना सांगितलं की दुरुस्त झालंय. ते म्हणाले बरं. त्यानंतर त्यांची तक्रार कधी आली नाही. भागूनं हा पुरावा धरला, आणि तरी प्रोग्राम उघडला की तिची नजर पहिल्यांदा त्या ओळीवर जायची, घरात साप शिरलेल्या माणसाची कोपऱ्यात जाते तशी.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातल्या एक बाई येणार होत्या. त्यांना सगळे खोडरबर म्हणत. त्यांची एक पद्धत होती. तुमचा प्रोग्राम समोर उघडायचा, वर खाली पाहायचं, त्यातली मनाला येईल ती एक ओळ खोडायची आणि विचारायचं, 'आता चालवला तर काय होईल?' आधी सांगायचं, मग चालवायचं. सांगितल्याप्रमाणे झालं तर पास. दुसऱ्याचा कोड उचलून आणलेले तिथे बरोबर सापडत. भागूनं कुठून काही उचललं नव्हतं. पण त्या बाईंनी नेमकी तीच ओळ खोडली तर? 'कधी कधी बेल हरवेल' हे काही उत्तर नव्हे. का हरवेल, तर माहीत नाही. या विचारानं तिची पाचावर धारण बसली होती. निकालावर एका कंपनीतली नोकरी ठरलेली होती, आणि घरात ती बातमी आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली होती.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मुलं वऱ्हांड्यातल्या बाकावर ओळीनं बसली. फोन शिपायानं आधीच गोळा करून कपाटात ठेवले होते. परीक्षा झालेल्यांना वरच्या वर्गात बसवत होते, कोणी कोणाला काही सांगू नये म्हणून. सगळ्यांचं आटोपल्याशिवाय सुटका नाही. इस्त्री आला तो पांढऱ्या शर्टात, दाढी गुळगुळीत, आणि खुशीत. भागूशेजारी बसून तो हळूच म्हणाला की आता काळजी करू नकोस, मी काल सगळा कोड नीट साफ केलाय.

"साफ म्हणजे?"

"तुझी ती ओळ काढली. काढू नये वाली."

भागूला आधी कळलंच नाही तो काय बोलतोय. मग कळलं. तो समजावत राहिला. बाईंनी विचारलं असतं ही कशासाठी, तर तू काय सांगणार होतीस? उगीच प्रोग्रामला थांबवते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तू तर त्या मुठीवर पाटी लावून ठेवली होतीस. मी चालवून पाहिलं, झकास चालतो. आणि दोन्हीकडे सारखं असावं म्हणून शुश्रूषागृहातही काल संध्याकाळी नवा टाकला.

"तिथे टाकलास?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

इस्त्रीनं मान हलवली. त्याला शाबासकी हवी होती.

खरं तर आता तिचं परीक्षेचं भय संपायला हवं होतं. जी ओळ खोडली जाईल म्हणून ती मरत होती, ती खोडून झाली होती. पण तिला दिसत होती खिडकीजवळची कॉट. थोड्या वेळानं तिथे दुपारची झोप संपून सगळे एकदम जागे होतील. कोणाला पाणी हवं असेल, कोणाला उठून बसायचं असेल. सगळी बटणं एकदम दाबली जातील, दिवे लागतील, आणि माणसं वाट पाहत पडून राहतील. दम लागलेलं कोणी असलं तर? तिनं शिपायाकडे जाऊन फोन मागितला. तो म्हणाला सगळ्यांचं झाल्यावर. तिनं सांगितलं की फार महत्त्वाचं आहे. तो म्हणाला की बाई, आज सकाळपासून प्रत्येकाचंच फार महत्त्वाचं आहे. तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

खोडरबर बाई दिसायला अगदीच साध्या निघाल्या. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, समोर पाण्याची बाटली. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, टेबलावरची दोन बटणं एकेक करून दाबली, यादीत नंबर आलेला पाहून 'छान' म्हणाल्या. मग कोड वाचू लागल्या. वाचता वाचता बोटानं स्क्रीनवरून सावकाश खाली येत होत्या. जिथे ती ओळ असायची तिथून त्यांचं बोट न थांबता पुढे गेलं. त्यांनी भलतीच ओळ खोडली, यादीचा क्रम लावणारी. आता काय होईल? इस्त्रीनं सांगितलं की नंबर येतील, पण आधी कोणी दाबलं ते कळणार नाही. चालवून पाहिलं तर तसंच झालं. बाईंनी ओळ परत घातली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या की चांगलं काम आहे, जा तुम्ही.

इस्त्री उठला. भागू उठली नाही. तिला वाटत होतं की उठावं. पाय उठायलाच निघाले होते. वरच्या वर्गात जाऊन बसायचं, सगळ्यांचं आटोपलं की फोन घ्यायचा, मावशीला हळूच सांगायचं, जुना प्रोग्राम परत टाकायचा. कोणाला काही कळणार नाही. पण मधल्या वेळात तिकडे झोप संपणार होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ती दोन्ही बटणं एकदम दाबून बघा."

बाईंनी दाबली. दोन्ही नंबर आले. इस्त्रीनं सुस्कारा सोडला. भागू म्हणाली, परत. पुन्हा दोन्ही आले. परत. या वेळी दोन दिवे लागले आणि यादीत एकच नंबर. बाई पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा दाबलं, एकच. भागूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं भडाभडा सगळं सांगितलं: आजोबा, मास्तर, थांबायची ओळ, काल काढली, तिथे चालू आहे, आत्ता.

बाईंनी ती ओळ परत घालायला सांगितली. भागूनं घातली. एवढीशी ओळ, तरी दोनदा चुकली. बाईंनी बटणं दाबली, पुष्कळदा. दोन्ही नंबर बरोबर येत राहिले. इस्त्री म्हणाला की बघा मॅडम, म्हणजे ओळ घातली की ठीक आहे, आम्ही आजच तिथे परत टाकतो.  बाईंनी स्वतः चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो माणसाऐवजी बटणं दाबणार होता, हजार वेळा, न थकता. चालवला. मग यादी मोजायला लावली. हजाराला तीन कमी होते.

भागू त्या आकड्याकडे पाहत राहिली. पुन्हा चालवला. या वेळी पाच कमी.

मग बाईंनी तिला समजावलं, न रागावता, आणि त्यामुळे जास्तच लागलं. दोघांनी एकदम दाबलं की प्रोग्राम दोघांनाही तीच जुनी यादी हातात देतो. एक जण आपला नंबर लिहून ती परत ठेवतो. दुसऱ्याला ते माहीत नसतं; तो आपल्या हातातल्या जुन्या यादीवर आपला नंबर लिहितो आणि पहिल्याच्या यादीच्या जागी ठेवतो. पहिल्याचा नंबर गेला. तुमची ओळ दोघांना थोडं मागेपुढे करते, म्हणून टक्कर कमी होते. टक्कर थांबत नाही. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला दाराबाहेर उभं करायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी हे तुम्हाला शिकवलंय.

शिकवलं होतं. भागूला त्यात चांगले मार्कही होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला दिलं, आणि म्हैस गप्प झाली म्हणून बरी झाली असं धरलं.

"किती दिवस चालू आहे हे तिथे?" बाईंनी विचारलं.

भागूनं सांगितलं. हिवाळ्याच्या आधीपासून.

बाईंनी आपली पिशवी उघडली, स्वतःचा फोन काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. म्हणाल्या, आधी हे करा. मार्कांचं मग बोलू. तुम्हाला आज मी पास करू शकत नाही, ते तुम्हालाही कळतंय.

मावशीनं फोन उचलायला वेळ लावला. भागूनं एका दमात सांगितलं की बेलवर विसंबू नका, आयांना सगळ्या कॉटवरून फिरायला सांग, आत्ता. मावशी कामाची बाई, तिनं कशाला, काय, असलं काही विचारलं नाही. फोन कानाला तसाच धरून दोघींना पाठवलं. मग म्हणाली की परीक्षेत काय झालं ग, रडतेस का? भागू म्हणाली ते राहू दे. आजोबा बघ आधी. त्यांची बेल हरवत असेल.

"त्यांची? छे. ते तर हल्ली बेल दाबतच नाहीत," मावशी म्हणाली. "शहाण्यासारखे वागतात अगदी. कसला त्रास नाही."

भागूनं फोन परत केला. इस्त्री दारात उभा होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तो तिला म्हणाला की तू बोलली नसतीस तर आपण सुटलो होतो. यात खोटं काहीच नव्हतं. वऱ्हांड्यात शिपायानं तिच्याकडे पाहिलं आणि न मागता कपाट उघडून फोन दिला. ती धावतच सुटली.

शुश्रूषागृहात सगळं जागच्या जागी होतं. आया कॉटवरून फिरत होत्या, मास्तर दूध पीत होते. कोणाला काही झालं नव्हतं. भागूला रस्ताभर जे जे दिसलं होतं त्यातलं काही नव्हतं. आजोबा उशीला टेकून बसले होते. त्यांचं बटण कॉटवर नव्हतं. दोरी नीट गुंडाळून ते खिडकीच्या खिळ्याला टांगलेलं होतं, त्यांचा हात पोचणार नाही असं.

तिनं विचारलं हे कोणी केलं. ते म्हणाले मीच सांगितलं आयाला. तिनं विचारलं का.  ते खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"एकदा सकाळी दाबली. दिवा लागला. मी पाहिला लागलेला. म्हणून थांबलो. कोणी आलं नाही, आणि मग... अंथरूण ओलं झालं. आया म्हणाली, आजोबा, तुमची बेल आलीच नाही. नेऊन दाखवली मला यादी. खुर्चीत बसवून नेलं. खरंच माझा नंबर नव्हता. नंतर अजून एकदा तसंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दुरुस्त केलं होतंस ना. यंत्र बरोबर असेल तर चुकलं कोण? मीच. दाबलीच नसेल. नुसतं वाटत असेल दाबली." त्यांनी हात पांघरुणाखाली घेतला. "डॉक्टरांनी गोळी दिली, आठवणीची. तुझ्या मावशीनं विचारलं होतं त्यांना. रोज सकाळी जाग आली की मी आधी माझं नाव म्हणतो. मग तुझ्या आईचं, मग मावशीचं, मग तुझं. आहेत का बघतो. एखाद दिवशी नसतील, असं वाटतं."

भागूला वाटत आलं होतं की घरातली भित्री ती एकटीच. ती कॉटच्या कडेला बसली. पुढचं वाक्य बोलताना तिला जितकी भीती वाटली, तितकी परीक्षेत वाटली नव्हती.

"आजोबा, तुम्ही दाबली होती."

ते तिच्याकडे वळले.

"दोन्ही वेळा दाबली होती. यंत्रानं हरवली. माझ्या यंत्रानं. मी दुरुस्त केलंच नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. आज मोजून बघितलं."

त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी तो सैल पडला, आणि मग त्यावर राग चढला, आई सांगायची तसला, तरुणपणी घड्याळाच्या दुकानात चढायचा तो. भागूला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या मावशीला बोलव," ते म्हणाले. "त्या आयालाही बोलव, जिनं यादी दाखवली तिला. आणि मास्तर, तुम्हीही ऐका जरा. सगळ्यांसमोर सांग. मोठ्यांदा."

 भागूनं दारात जाऊन हाक मारली. मावशी आली, आया आली, आणखी दोघी कसली गर्दी म्हणून बघायला आल्या. भागूनं भिंतीला टेकून सांगितलं. मागे कोणीतरी 'काय? काय?' म्हणालं, म्हणून आजोबांनी तिला परत सांगायला लावलं. आयानं पदर तोंडाला लावला.  कॉटजवळच्या टेबलावरची गोळ्यांची पट्टी मावशीनं उचलली आणि हातात तशीच धरून उभी राहिली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आजोबा म्हणाले. "मग आता मला बाथरूमला न्या. मघापासून जायचंय."